नेपाळ-भूतानला व्हिसा लागत नाही, मग माणसं सीमेवरून परत का येतात? पात्रता, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

भारतीय नागरिकाला नेपाळ आणि भूतानमध्ये जायला व्हिसा लागत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पासपोर्ट नसला तरी चालतं, हेही बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. घोटाळा त्यापुढे होतो. ‘पासपोर्ट नसला तरी चालतं’ याचा अर्थ लोक ‘कुठलंही ओळखपत्र चालतं’ असा घेतात, आधार कार्ड पाकिटात टाकतात आणि निघतात. मग कधी विमानतळाच्या काउंटरवर, कधी नेपाळच्या सीमेवर सोनौलीला, कधी भूतानच्या सीमेवर जयगावला कुणाला तरी थांबवलं जातं. हॉटेलं आणि गाड्या आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे बाकीचा ग्रुप पुढे जातो आणि ज्याचा कागद चालला नाही तो बॅग उचलून मागे फिरतो. पशुपतिनाथाचं दर्शन एकदा तरी घडावं म्हणून वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकणारी माणसं अशी परत आलेली मी पाहिली आहेत. यात्रेला निघालेल्यांचे फॉर्म भरून देताना दरवेळी तेच प्रश्न येतात आणि तीच माणसं अडकतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी उत्तर सांगते, कारण काही जण एवढंच वाचून थांबतील. १८ वर्षांवरच्या माणसाने यातलं एक सोबत ठेवावं: चालू मुदतीचा पासपोर्ट, किंवा भारत निवडणूक आयोगाचं मूळ मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं पासबुक, कंपनीचं ओळखपत्र यांच्या जोरावर निघू नका. अपवाद आहेत, पण ते नेपाळपुरते आहेत आणि त्यांना वयाच्या अटी आहेत.

ही सवलत नेमकी कुणाला आहे

नियम नुसता पाठ केला की तो चुकीच्या वेळी विसरला जातो. त्यामागचं कारण समजलं, तर पुढचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूमध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा या बाबतींत परस्पर सारख्या सवलती देण्याचं मान्य केलं. उत्तराखंडापासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागून असलेली ही सीमा उघडी आहे. दोन्ही बाजूंच्या गावांत पिढ्यानपिढ्या रोटी-बेटीचा व्यवहार चालतो. भूतानशी करार झाला तो त्याआधी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगमध्ये. परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचं भूतानने त्यात मान्य केलं होतं. २००७ मध्ये करार नव्याने झाला, ते कलम बदललं आणि राष्ट्रहिताच्या प्रश्नांवर एकमेकांना निकट सहकार्य करण्याची भाषा आली. पण जवळीक तशीच राहिली. भूतानचं चलन न्गुलट्रम आजही भारतीय रुपयाला एकास एक बांधलेलं आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही भूतानचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. दोन स्वतंत्र देशांत इतका मोकळेपणा जगात फार कमी ठिकाणी दिसतो.

हा मोकळेपणा भारताच्या *नागरिकाला* आहे, भारतात *राहणाऱ्याला* नाही. म्हणून काउंटरवरचा माणूस खरं तर एकच गोष्ट तपासत असतो: समोरचा भारताचा नागरिक आहे का? आधार कार्ड या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ठरावीक काळ भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. पॅन आणि लायसन्सचंही तसंच. मतदार मात्र फक्त नागरिकच असू शकतो, म्हणून मतदार ओळखपत्र चालतं. बँकेत, रेल्वेत, सिमकार्डाच्या दुकानात सगळीकडे चालणारा आधार इथेच का चालत नाही, असं लोक चिडून विचारतात. त्याचं कारण हे आहे, आणि ते तिकीट विकतानाच प्रत्येकाला सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मतदार ओळखपत्र: घरात आहे म्हणजे चालेलच असं नाही

पासपोर्ट असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर आज, म्हणजे तिकीट काढायच्या आधी, कार्ड कपाटातून काढा आणि उजेडात बघा.

पहिली अडचण जुन्या कार्डांची. शेषन निवडणूक आयुक्त असताना, नव्वदच्या दशकात निघालेली कार्डं अजून बऱ्याच घरांत आहेत. लॅमिनेशन पिवळं पडलेलं असतं, फोटोत चेहऱ्याऐवजी काळा डाग दिसतो, जन्मतारखेऐवजी ‘१.१.१९९५ रोजी वय ३४’ असं काहीतरी छापलेलं असतं. हे कार्ड रद्द झालेलं नसतं, पण तीस वर्षांपूर्वीचा पुसट फोटो आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे हे अधिकाऱ्याला पटलं नाही, तर तिथे वाद घालून काही होत नाही. अशांनी फॉर्म ८ भरून नवं कार्ड मागवावं. पत्ता बदलणं, नाव-जन्मतारीख-फोटो दुरुस्त करणं आणि हरवलेलं किंवा खराब झालेलं कार्ड बदलून घेणं, या सगळ्यासाठी आता हा एकच फॉर्म आहे आणि तो ऑनलाइन भरता येतो.

दुसरी अडचण: ‘माझं नाव यादीत आहे की!’ यादीत नाव असणं आणि हातात कार्ड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदानाच्या आधी घरी येणारी मतदार चिठ्ठी म्हणजे कार्ड नव्हे. मोबाईलमधला फोटो, झेरॉक्स, कलर प्रिंट यांच्या भरवशावरही जाऊ नका. मूळ कार्डच न्या.

तिसरी अडचण बहुतेक बायकांच्या वाट्याला येते आणि ती सगळ्यात जास्त छळते. मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि विमानाचं तिकीट मुलाने व्हॉट्सॲपवर आलेल्या आधारच्या फोटोवरून काढलेलं. कार्ड खरं, बाई खरी, पण तिकिटावरचं आणि कार्डावरचं आडनाव वेगळं. एका मावशींना अशा वेळी काउंटरवर विवाह नोंदणीचा दाखला विचारला गेला. लग्न चाळीस वर्षांपूर्वी गावच्या मांडवात झालेलं, नोंदणी कुणी केलीच नव्हती. त्यामुळे माझं सांगणं सोपं आहे: जे ओळखपत्र दाखवणार, त्यावर इंग्रजीत जसं नाव छापलंय तसंच तिकीट काढा, स्पेलिंगसकट. सासरचं नाव कार्डावर आणायचं असेल तर फॉर्म ८ भरा, पण त्यात आठवडे जातात. प्रवास जवळ आला असेल तर नावाला हात लावू नका, तिकीट कार्डाप्रमाणे करून घ्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि तिकिटाच्या फॉर्ममध्ये ते कुठे घालायचं हे कळत नाही. ते पहिल्या नावाच्याच रकान्यात, पहिल्या नावाला जोडून लिहा.

आणि चौथा, सगळ्यात अवघड गट: नुकतीच १८ पूर्ण झालेली मुलं. बारावीची परीक्षा झाली आहे, कॉलेजात प्रवेश व्हायचा आहे, पासपोर्ट काढलेला नाही, मतदार नोंदणी केलेली नाही. लहान मुलांसाठीची सवलत वयामुळे संपली आणि मोठ्यांचा कागद अजून आला नाही. मतदार नोंदणी फक्त १ जानेवारीलाच होते, असा समज अजून आहे. तो जुना झाला. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी १८ पूर्ण असायला हवीत) आहेत, आणि १७ पूर्ण झालेल्यांना फॉर्म ६ आगाऊ भरून ठेवता येतो. पण त्यानंतर बीएलओची, म्हणजे तुमच्या भागातल्या मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची, पडताळणी, यादीत नाव येणं, कार्ड छापून पोस्टाने घरी येणं हे सगळं व्हावं लागतं, आणि निवडणुकीच्या दिवसांत ते आणखी लांबतं. मे महिन्यात जायचं असेल तर एप्रिलमध्ये फॉर्म भरून उपयोग नाही. अशा मुलाचा पासपोर्टच काढा. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी वर आणखी २,००० लागतात, आणि पुढे शिक्षणाला तो लागणारच आहे.

नेपाळ: वयाच्या अपवादांत घसरणारे

भारताच्या गृह मंत्रालयाने नेपाळ-भूतान प्रवासासाठी दिलेल्या नियमांनुसार १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार कार्डाची सक्ती नाही. त्यांच्याकडे वय आणि ओळख पटवणारा फोटोसह कागद असला की पुरे, आणि २०१९ पासून त्यात आधारही धरलं जातं. ‘आधार चालतं’ ही अफवा याच अर्ध्या नियमातून पसरली. चालतं, पण या दोन वयोगटांनाच. आणि लक्षात ठेवा, भूतानमध्ये शिरू द्यायचं की नाही हे शेवटी भूतान ठरवतं आणि तिथे ज्येष्ठांना ही सूट नाही. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजी आधारवर काठमांडूला जाऊन येतील, पण तेच आधार घेऊन भूतानच्या दारात उभ्या राहिल्या तर अडतील.

६५ म्हणजे ६५. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक साठीला होतो, म्हणून एकसष्ट-बासष्टचे काका ‘आम्ही सीनियर आहोत’ म्हणत आधार घेऊन निघतात. एसटीचं अर्धं तिकीट ज्या वयाला सुरू होतं, ते वय धरा. त्यातही आधारवर जन्मतारीख पूर्ण आहे ना ते बघा. कित्येक वयस्कर माणसांच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकल्यामुळे खरी तारीख एक आणि कागदावरची दुसरी असते. नुसतं वर्ष असेल आणि ६५ नुकतं लागलं असेल, तर पूर्ण तारखेचा दुसरा फोटोसह कागद सोबत ठेवा. आणि मतदार कार्ड असेलच, तर वयाच्या फंदात न पडता तेच दाखवा.

१५ ते १८ वयाच्या मुलांचा कागद सगळ्यात जास्त चुकतो. यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. शाळेचं गळ्यातलं ओळखपत्र म्हणजे हे नव्हे. बसच्या पाससाठी मिळतं ते मराठी बोनाफाईडही नव्हे. प्रमाणपत्र इंग्रजीत घ्या. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पालकांची नावं, इयत्ता, आणि फोटो चिकटवून त्यावर अर्धा शिक्का फोटोवर व अर्धा कागदावर येईल असा शाळेचा शिक्का, हे नीट पाहून घ्या.

आता वेळेचा प्रश्न. आपल्याकडची कुटुंबं मे महिन्यात जातात, आणि मे महिन्यात शाळा बंद असते. मुख्याध्यापक गावी गेलेले, ऑफिसात शिपाई एकटा, शिक्का कुलपात. हे प्रमाणपत्र एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असतानाच घ्यायचं. दहावीच्या मुलांची गोष्ट तर फारच बिकट आहे. परीक्षा झाली, जुन्या शाळेशी संबंध संपत आला, अकरावीचा प्रवेश व्हायचा आहे. या दोन-तीन महिन्यांत त्या मुलाला स्वतःचा विद्यार्थी म्हणायला कुणीच तयार नसतं. शाळा म्हणते, आता दाखला न्या. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो नेमकं हेच सांगतो की मूल आमच्याकडे शिकत नाही. दहावीत मूल असलेल्या घराने शेवटच्या पेपरच्या आधी प्रमाणपत्र घेऊन ठेवावं, किंवा सरळ मुलाचा पासपोर्ट काढावा. अज्ञान मुलाचा पासपोर्ट १,००० रुपयांत होतो आणि तो पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत चालतो.

कुटुंबासाठी आणखी एक सवलत आहे. एकत्र जाणाऱ्या कुटुंबात एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांनी फोटोसह ओळख आणि कुटुंबाचं नातं दाखवणारा कागद दाखवला तरी चालतं: रेशनकार्ड, लायसन्स, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. नियम खरा आहे, पण कृपा करून त्याच्यावर सगळी ट्रिप टांगू नका. आपल्या रेशनकार्डावर प्रत्येकाचा फोटो नसतो. विमान कंपनीच्या काउंटरवर बसलेली मुलगी तिच्यासमोरच्या यादीप्रमाणे चालते आणि यादीबाहेरचा कागद स्वीकारायची जोखीम ती घेत नाही. आणि कुटुंब म्हणजे कुटुंब. भिशीचा ग्रुप, भजनी मंडळ, सोसायटीतले शेजारी यात बसत नाहीत. वेगळ्या रेशनकार्डावर असलेला चुलत भाऊसुद्धा नातं कागदावर कसं दाखवणार?

भूतान: जन्मदाखला, परमिट आणि रात्रींचा हिशोब

भूतानला व्हिसा नाही, पण प्रवेश परमिट आहे. भूतानच्या इमिग्रेशन विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. रस्त्याने जाणारे बहुतेक जण हासीमारा स्टेशनवर उतरून जयगावमार्गे फुंत्शोलिंगला जातात, विमानाने जाणारे पारोला उतरतात. कागद नेहमीचेच: ओळखपत्र, फोटो, हॉटेलचं बुकिंग, प्रवासाचा क्रम. पुनाखा, बुमथांग अशी लांबची ठिकाणं करायची असतील तर ती अर्जातच लिहा, आणि परमिट हातात आलं की त्यावर काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचा. पुढच्या चौकीवर तेवढंच ग्राह्य असतं.

पासपोर्ट किमान सहा महिन्यांच्या मुदतीचा हवा. चार महिन्यांनी संपणारा पासपोर्ट ‘चालू’ असला तरी उपयोगाचा नाही. अशा वेळी मतदार कार्ड दाखवून काम होतं, हे लोकांना सुचत नाही. दोन्ही असतील तर दोन्ही न्या आणि अर्जात जे लिहिलं तेच दाखवा.

भूतानला अडतात ती मुलं. १८ खालच्या प्रत्येक मुलासाठी पासपोर्ट किंवा मूळ जन्म प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र इंग्रजीत हवं. इथे मुलांचं आधार नाही, बोनाफाईड नाही, शाळेचा दाखला नाही. ‘जन्मदाखला आहे आमच्याकडे’ असं सगळे म्हणतात. काढून बघा म्हटलं की कळतं, नावाचा रकाना रिकामा आहे! कारण नोंद झाली प्रसूतीच्या दवाखान्यातून, बारशाच्या आधी. नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही, कारण शाळाप्रवेशाला अडलं नाही. मुलाचं नाव नसलेला जन्मदाखला सीमेवर नुसता कागद आहे. जन्मनोंदणीत नाव नंतर घालता येतं, साधारणपणे नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत, आणि पहिल्या वर्षानंतर विलंब शुल्क भरून. पण ते काम जिथे जन्म झाला त्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे राहता पुण्यात आणि नोंद आहे लातूरला किंवा चिपळूणला. त्या फेऱ्या आणि ‘साहेब आज नाहीत’ हे धरून किमान दोन महिने आधी सुरुवात करा. जुना, हाताने लिहिलेला मराठी दाखला असेल तर त्याच कार्यालयातून मराठी-इंग्रजी छापील प्रत घ्या. दाखल्यावरचं आई-वडिलांचं नाव त्यांच्या मतदार कार्डाशी जुळतंय ना हेही त्याच वेळी पाहा. आजी-आजोबा किंवा मामाबरोबर मूल जाणार असेल, तर आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्या.

पैशांची गफलत वेगळीच. भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला शाश्वत विकास शुल्क द्यावं लागतं: माणशी, प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं, म्हणजे ६००, आणि पाच किंवा त्याखालच्यांना माफ. कोविडच्या आधी जाऊन आलेले नातेवाईक ‘काही लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या वेळी खरंच लागत नव्हतं. २३ सप्टेंबर २०२२ रोजी भूतानने पर्यटकांसाठी दारं पुन्हा उघडली तेव्हापासून हे शुल्क प्रत्यक्षात घेतलं जातं. यात हॉटेल, जेवण, गाडी काहीही येत नाही. आई, वडील, आजी आणि दहा वर्षांचं मूल पाच रात्री राहिले, तर रात्रीचे ४,२०० याप्रमाणे २१,००० रुपये फक्त या शुल्काचे. मोजायच्या त्या रात्री, दिवस नव्हेत. ‘सहा दिवस पाच रात्री’ या पॅकेजमध्ये हे धरलंय का, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या. तक्रार करण्याआधी एक ध्यानात ठेवा: इतर देशांच्या बहुतेक पर्यटकांना रात्रीला १०० अमेरिकी डॉलर आणि वर व्हिसा पडतो.

वेळेचं आणखी एक. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे, नेपाळचं पंधरा मिनिटं. सीमेवर तुमचा मोबाईल भारतीय टॉवर पकडून भारतीय वेळ दाखवतो, तुम्ही साडेचारला निवांत पोचता आणि पलीकडे पाच वाजून ऑफिस उठलेलं असतं. भूतानच्या सरकारी सुट्ट्याही कालनिर्णयवर नसतात. २१ फेब्रुवारीला तिथल्या राजांच्या वाढदिवसाची, १७ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते. अशा दिवशी परमिटच्या आशेने सीमेवर पोचू नका.

ज्यांना ही सवलत मुळातच नाही

मुलगा अमेरिकेत, नातवंडांचा जन्म तिकडचा, सुट्टीत सगळे पुण्याला आले आणि आजोबांच्या मनात आलं, सगळ्यांना घेऊन नेपाळ करू. नातवंडांकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड आहे. त्यावर ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी ते भारताचं नागरिकत्व नाही. आई-वडिलांनी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांचंही तेच. या माणसांना नेपाळचा व्हिसा लागतो, तो काठमांडू विमानतळावर शुल्क भरून मिळतो. भूतानसाठी आधीच व्हिसा काढावा लागतो आणि रात्रीचे डॉलरही लागतात. एकाच कुटुंबात आजोबांना १,२०० रुपये आणि मुलाला १०० डॉलर, हे आधी माहीत असलं म्हणजे पारोला उतरल्यावर घरात वाद होत नाहीत. उलट, जो परदेशात नोकरी करतो पण पासपोर्ट भारताचाच आहे, त्याला सवलत पूर्ण आहे.

दुसरी मर्यादा वाटेची आहे. मतदार कार्डावर नेपाळला जाता येतं ते भारतातून थेट गेलात तर. दुबईहून किंवा सिंगापूरहून काठमांडूला उतरायचं असेल तर पासपोर्टच लागतो. पारोहून थेट विमानाने काठमांडूला जायचं, असे जोड-सहलीचे कार्यक्रम हल्ली विकले जातात. त्यात तुम्ही भूतानमधून नेपाळमध्ये शिरता, भारतातून नाही. अशा सहलीला प्रत्येकाचा पासपोर्ट हवा. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवर असेल तरी पासपोर्ट हवाच, कारण पुढे चीनचा व्हिसा आहे.

किरकोळ, पण विसरू नयेत अशा गोष्टी

स्वतःची गाडी नेपाळला न्यायची तर सीमेवर भंसार, म्हणजे तिथल्या जकातीचा दिवसांप्रमाणे परवाना काढावा लागतो. आरसी आणि लायसन्स मूळ हवं, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. वर्षाला एकूण तीस दिवसांच्या वर गाडी तिथे ठेवता येत नाही. मुक्तिनाथला जाणाऱ्यांना अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचं परमिट लागतं, त्यासाठी पासपोर्ट आकाराचे फोटो खिशात असू द्या. नेपाळसाठी रोख रक्कम १०० रुपयांच्या आणि त्याखालच्या नोटांत न्या. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. कुणी कमी देत असेल तर घेऊ नका.

कोकणातल्या बागायतदारांसाठी दोन ओळी. आंब्याच्या बागांत राखणीला असलेली नेपाळी माणसं हंगाम संपल्यावर गावी जातात, आणि आता त्यातले काही विमानाने जाऊ लागले आहेत. हाच करार त्यांनाही लागू आहे. त्यांना नेपाळी पासपोर्ट, नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र किंवा तिथलं मतदार कार्ड मूळ स्वरूपात लागतं. तुम्ही हौसेने तिकीट काढून द्याल, पण त्याची नागरिकता गावाकडच्या पेटीत असेल तर तो विमानतळावरून परत येईल. तिकिटाआधी विचारा.

आणि तिकडे असताना ओळखपत्र हरवलं तर घाबरून एजंटाला पैसे देऊ नका. आधी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग नेपाळमध्ये असाल तर काठमांडूच्या, भूतानमध्ये असाल तर थिंफूच्या भारतीय दूतावासात जा. हरवलेल्या कागदाची प्रत ईमेलमध्ये ठेवलेली असली तर काम पुष्कळ लवकर होतं, म्हणून निघण्याआधी सगळ्यांच्या कागदांचे फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा आणि एक संच घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या. दूतावासाकडून मिळणारं प्रमाणपत्र एकाच प्रवासासाठी, भारतात परत येण्यापुरतं असतं. ते घेऊन पुढचं ठिकाण करता येत नाही, तेव्हा ते मिळालं की परतीचंच तिकीट काढा.